दवंडीतला जादा शब्द

निपाणीत त्या साली उंदीर पडू लागले, तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. यजमान डॉक्टर. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. बायकांना टोचताना हात धरायला, धीर द्यायला मी बसायची. प्लेगची लस आली होती, पण घ्यायला कुणी फिरकत नव्हतं. लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालू लागले होते.

दवंडी पिटायची ठरली. यांनी मजकूर सांगितला तो एवढाच, की लस कुठे आणि केव्हा मिळेल.

"घेतल्यानं काय होतं ते सांगायला नको?" मी विचारलं.

"ते समोर बसलेल्या माणसाला सांगायचं. ताप येतो, हात सुजतो, रोग आधीच अंगात शिरला असेल तर उपयोग होत नाही. चौकात एवढं कोण ऐकून घेतं? तिथं अर्धंच ऐकू जातं."

दवंडीवाल्याला पाठवायचं काम तंबाखूच्या एका व्यापाऱ्यांनी घेतलं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. त्यांची सून प्लेगनं गेली होती. त्यांनी आपल्या मनानं एक वाक्य वाढवलं: टोचून घ्या, प्लेग होणार नाही.

दुसऱ्या दिवशी गल्ली माणसांनी भरून गेली. यांना कारण कळलं तसे हे पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "दवंडीत चूक झाली. लशीनं धोका बराच कमी होतो. पण प्लेग होणारच नाही, असं मी सांगू शकत नाही." मोडक्या कानडीत पुन्हा तेच सांगितलं. बरीच माणसं परत फिरली. आमच्या शेजारचा शिंपी आणि त्याची बायकोही घरी परतली.

"दारात आलेली माणसं घालवलीत, डॉक्टर," अण्णा म्हणाले. यांनी थांबलेल्यांना आत बोलावलं.

थांबलेल्यांत सदलग्याचा एक शेतकरी होता, बायकोला घेऊन आलेला. त्यानं विचारलं, "म्हंजे टोचूनबी माणूस मरंल?"

"मरू शकतो. पण न टोचलेल्यापेक्षा वाचायची आशा जास्त."

रोग आधीच अंगात शिरला असेल तर लस लागू पडत नाही, हेही यांनी दोघांना सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि बाही वर सारली. बायकोच्या अंगात कणकण होती, तिला यांनी नंतर यायला सांगितलं.

तो माणूस थोड्याच दिवसांत गाठ येऊन गेला. लशीनंच मारला, अशी बोलवा झाली. त्याचा धाकटा भाऊ माणसं घेऊन दवाखान्यावर आला. हे दार उघडून बाहेर गेले. मी आत भिंतीला धरून उभी होते. तेवढ्यात मागून गाडी आली आणि त्या माणसाची बायको पोरांना घेऊन उतरली.

"भावजी, डॉक्टरांनी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "माझ्याम्होरं. रोग आत असला तर लस लागू पडत न्हाय म्हणालं. त्येनी समजूनउमजून हात दिला. आमाला कुणी फसवलं न्हाय."

दीर खाली बसून रडू लागला. ती आत आली. "आता पोरांला मीच हाय. आमाला टोचा," म्हणाली. यांनी तिला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. तिनंही ते सगळं ऐकून घेतलं. मी तिचा हात धरला आणि धाकट्या पोराला जवळ घेतलं.

ती आणि तिची पोरं वाचली. त्यानंतर लोक दोघं-तिघं मिळून येऊ लागले. शिंपी मात्र आला नाही. साथ ओसरता ओसरता तो आणि त्याची बायको, दोघंही गेली.

"त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असता तर?" मी एकदा यांना विचारलं.

"वाचलीही असती," हे म्हणाले, आणि जेवण तसंच ठेवून उठले.

पुढच्या साथीत दवंडीत फक्त जागा आणि वेळ होती. अण्णा रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसत आणि कानडी बायकांना यांचं म्हणणं, ताप-सूज काही न गाळता, समजावून देत. शिंप्याच्या बंद दारावरून जाताना ते आणि हे दोघंही बोलायचे थांबत.