स्टॉपची मूठ का तापली

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यामुळे गोल फिरवून सांगता येत नाही. आमच्या पिकअपची बॅटरी कशाने उतरत होती ते मी शोधून काढलं, असं मी तेव्हा सांगितलं होतं. ते खोटं होतं. बायकोला जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं काय ते लिहून ठेवतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गाडी जुनी, डिझेलची. राहायला आम्ही बदलापूरला, शिरगावात. पहाटे उल्हासनगर कॅम्प एकच्या बेकरीतून खारी-टोस्टचे पत्र्याचे डबे भरायचे आणि अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या दुकानांत सकाळच्या चहाच्या आत पोचवायचे. बायको बरोबर असायची. मी डबे दुकानात नेईपर्यंत ती गाडीत राखण बसायची. इंजिन बंद करणं तिचंच काम. डॅशबोर्डखाली एक मूठ होती, ती ओढली की तिच्या मागची लोखंडी तार इंजिनाचं डिझेल तोडायची. तिला आम्ही स्टॉप म्हणायचो. मुठीचं प्लास्टिक कधीच फुटून गेलेलं, नुसतं लोखंड उरलं होतं.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक होती. वस्तीने आमची गाडी मागितली, तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर बसणार म्हणून. मग मी जीव तोडून गाडी रंगवली. निळा ऑइलपेंट, दोन हात. वरूनच नाही, खालून चेसिससुद्धा. बायको म्हणाली, खालचं कोण बघतंय. मी म्हटलं, तसबीर वर बसणार आणि खाली गंज ठेवू?

मिरवणूक झोकात झाली. त्यानंतर बॅटरी उतरायला लागली. आज भरून आणावी, परवा पहाटे सेल्फ नुसता कण्हायचा. दोनदा धक्का मारून निघालो, दोनदा उशीर झाला. बेकरीचे शेठ सिंधी, बोलायला गोड. त्यांनी गोडीतच सांगितलं की या आठवड्यात पुन्हा उशीर झाला तर शनिवारपासून दुसरी गाडी लावतो. आमच्याकडे दुसरा धंदा नव्हता.

मी एकेक वस्तू काढत गेलो. डायनामो फिरवणारा पट्टा ढिला असेल म्हणून आवळला. बॅटरीवाल्याने सेल तपासले, ठीक निघाले. डायनामो काढून कॅम्पातल्या वायंडिंगवाल्याकडे नेला. त्याने टेबलावर फिरवून दाखवला, दिवा लख्ख पेटला. डायनामोचं चार्जिंग बॅटरीला सोडणारा कटआउटही नवा घातला. मला याचंच नवल वाटायचं. सुटी सुटी प्रत्येक वस्तू चांगली, आणि गाडीत बसवली की सगळ्यांचा मिळून संप. डोक्यात दुसरं काही येईना. जेवताना भाकरीचे तुकडे मांडून बघायचो, ही बॅटरी, हा डायनामो. बायको म्हणायची, बॅटरी खाऊ का आता?

मधेच एकदा ती म्हणाली की स्टॉपची मूठ चटका देते. मी म्हटलं, मे महिना आहे, पत्रासुद्धा चटका देतो.

शुक्रवारी पहाटे आदल्या संध्याकाळी भरून आणलेली बॅटरी बसवली. बॉनेट उघडून मी पुढे उभा राहिलो आणि तिला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ कण्हला. पुन्हा मारायला लावला, पुन्हा तेच. भरलेली बॅटरी, तरी ही गत. तेवढ्यात ती आतून म्हणाली, "अहो, मूठ तापली."

"तापू दे."

"गाडी अजून चालूच झाली नाही. ऊन पण नाही. मग ही कशाने तापली?"

मी जाऊन हात लावला आणि झटकन मागे घेतला. वायर तापते ती करंटने, एवढं मला ठाऊक होतं. पण स्टॉपच्या तारेत करंटचं काय काम? ती तार इंजिनाला बांधलेली, दुसरं टोक बॉडीला. बॅटरीचं एक टोकही बॉडीलाच जोडलेलं असतं, म्हणजे सेल्फचा करंट इंजिनातून बॉडीत परतायला तिच्यातून वाट काढत होता. मग त्याची नेहमीची वाट कुठे गेली?

खाली घुसलो. गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत तांब्याच्या विणीची जाड पट्टी असते, अर्थिंगची. पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट. पण रंगवताना मीच ती सोडवली होती, खालची जागा निळीशार केली होती, आणि रंग वाळल्यावर पट्टी वरून आवळली होती. रंगातून करंट जात नाही. सेल्फला ताकद मिळेना आणि डायनामोचं चार्जिंगही बॅटरीपर्यंत नीट पोचेना.

चाकूने अंगठ्याएवढी जागा खरवडली. निळे पापुद्रे तोंडावर पडले. बोल्ट आवळून ओरडलो, मार. एका सेल्फात गाडी उठली. मूठ गार.

बेकरीत वेळेवर पोचलो. शेठनी विचारलं, कोणाकडून करून घेतलं? मी म्हटलं, कोणाकडून कशाला, मीच शोधलं. ते म्हणाले, "साईं, तू तो मिस्त्री निकला." बायको केबिनमध्ये बसून ऐकत होती. डबे भरून मी आत बसलो तेव्हा समोर बघत म्हणाली, "चला, मिस्त्री."

पुढे शेवटपर्यंत ती मला मिस्त्रीच म्हणायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. लोकांना कौतुक वाटायचं. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि मी कधी कबूल केलं नाही.

दर जयंतीला गाडी रंगायची. ब्रश धरायच्या आधी ती कणकेचा गोळा घेऊन खाली वाकायची, पट्टी, बोल्ट सगळं कणकेने लिंपायची आणि मग म्हणायची, आता लावा.

ती गेल्यावर मी गाडी विकली. घेणाऱ्याने खाली वाकून पाहिलं, म्हणाला, काका, सगळीकडे रंग आहे, इथेच तेवढा राहिलाय. मी एक हात मारून घेतो.

मी म्हटलं, "तिथे मारू नको. ती जागा माझ्या बायकोने राखलेली आहे." आणि मूठ का तापली होती ते त्याला पहिल्यापासून सांगितलं.