पद्मावतीसाठी खालची खोली

बंगळूरला नदी नाही, हे नीरजाला लग्न होऊन सात वर्षं झाली तरी खुपत होतं. पुण्याची मुलगी ती. मुठेचं पाणी कसंही असो, डोळ्यांसमोर वाहतं तरी असायचं. म्हणून १९५९च्या एप्रिलात टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याला, त्रिविक्रमला, आठ दिवसांची रजा मिळाली आणि कुठे जायचं असा विषय निघाला, तेव्हा तिनं क्षणाचाही विचार न करता श्रीरंगपट्टणचं नाव घेतलं. कावेरीच्या दोन फाट्यांमधलं बेट, रंगनाथाचं देऊळ, टिपूचा किल्ला. सहा वर्षांच्या नयनाला थोडा इतिहास कळेल, तीन वर्षांच्या हरीला पाण्यात डुंबता येईल.

सासूबाईंना विचारायचं तेवढं बाकी होतं. वसुमतीबाईंना घरीदारी सगळे अक्का म्हणत. शहाजीराजांच्या वेळी या मुलखात आलेल्या घराण्यातल्या त्या. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलत जन्म गेलेला. आनेकलला भाऊ होता, होसकोट्याला नणंद. या दोन गावांपलीकडे त्या कधी गेल्याचं कुणाला माहीत नव्हतं. कुठे जायचं म्हटलं की त्यांना काहीतरी काम निघे.

अक्का मागच्या पडवीत चिंच फोडत बसल्या होत्या. नीरजानं बेत सांगितला तेव्हा त्यांनी हातातला चिंचोका परातीत टाकला आणि मान वर न करता म्हणाल्या, "गंगव्वाकडे उतरू. घर नदीला लागून आहे. मागच्या दारानं पायऱ्या उतरल्या की पाणी. तिसरी पायरी तुटलीय, हरीला स्वल्प जपायला हवं."

नीरजाला नवल वाटलं. तुम्ही तिकडे कधी गेला होता, असं तिनं विचारलं.

"मी? मी कुठली जायला," अक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून अक्कांनी सगळा बेत हातात घेतला. स्टेशनवरून झटका, म्हणजे तिकडचा टांगा, करायचा, तो देवळाच्या मागच्या बाजूनं न्यायला सांगायचा, म्हणजे उतार लागत नाही. माडीवरच्या खोलीत दुपारी तापतं, तेव्हा मुलांना तिथं झोपवायचं नाही. रंगनाथाला पहाटे, संगमावर तिसऱ्या प्रहरी. घरात कधी दोन वाक्यांच्या वर न बोलणाऱ्या अक्का न पाहिलेल्या गावाविषयी असं सांगत, की जणू काल तिथून परतल्या. त्रिविक्रमला आनंदच झाला. आईनं हौसेनं काही ठरवलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

नीरजाला मात्र हळूहळू काहीतरी टोचू लागलं. अक्कांनी चिक्कपेटेच्या बाजारातून तीन सुती लुगडी आणली. एक स्वतःला, एक नीरजाला, आणि तिसरं, निळं, मोठ्या काठाचं, त्यांनी घडी न मोडता ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. प्रवासाचे चिवडे भाजले, त्यात एक डबा बिनतिखटाचा. मुलांसाठी असेल म्हणून नीरजानं तो त्यांच्या पिशवीत घातला, तर अक्कांनी तो बाहेर काढून ट्रंकेत नेऊन ठेवला. "मुलांचा वेगळा करते," एवढंच म्हणाल्या. आणि ताटल्या बांधताना नीरजानं पाच मोजून दिल्या; दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडून पाहिलं तर सहा होत्या.

निघायला चार दिवस असताना श्रीरंगपट्टणचं कार्ड आलं. अशी कार्डं दर वर्षी उन्हाळ्यात येत, हे नीरजाला ठाऊक होतं. तिला कन्नड बोलता यायचं, वाचता येत नसे. ती ते उचलून अक्कांच्या फळीवर ठेवून देई. त्या दिवशी अक्का भावाला भेटायला आनेकलला गेल्या होत्या. कार्डात उतरायच्या सोयीचं काही असेल म्हणून नीरजानं ते शेजारच्या प्रेमाकडे नेलं. प्रेमा शाळेत शिकवायची. तिनं ते मनात वाचलं, मग नीरजाकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि मराठीत सांगत गेली.

गंगव्वानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: अखेर येताय हे वाचून फार बरं वाटलं. सहा जणांची सोय करते. पद्मावतीचा पाय आता कसा आहे? तिला जिना चढवणार नाही म्हणता, म्हणून खालची खोली सारवून ठेवली आहे. पस्तिशीची मुलगी घरात बसलेली, आईच्या जिवाला घोर असणारच. पण देवाच्या मनात असेल तसं होईल. माझ्या डोळ्यांत फूल पडलंय, तरी तिला पाहायची इच्छा आहे.

"तुमच्याकडे अशी कुणी आहे हे मला माहीत नव्हतं," प्रेमा म्हणाली. नीरजानं कार्ड परत घेतलं. घरी येताना तिला स्वतःचंच घर परकं वाटलं. मधल्या खोलीचं दार बंद होतं. आपणच सकाळी लावलेलं ते दार उघडायला तिला धीर करावा लागला.

कारखान्यातून आल्यावर त्रिविक्रमनं कार्ड दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसून त्यानं सांगितलं, की त्याला एक मोठी बहीण होती. तो तीन वर्षांचा असताना ती तापानं गेली, सात वर्षांची होती. वडिलांनी, नरसिंहरावांनी, घरात तिचं नाव काढायला बंदी केली होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली, पण बंदी तशीच राहिली. नावही तो जवळजवळ विसरला होता.

दुसऱ्या दिवशी अक्का परतल्या. नीरजानं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि आपण ते वाचून घेतल्याचं सांगून टाकलं. अक्का रागावल्या नाहीत. पायांवर पाणी घेऊन आल्या आणि चुलीजवळ बसल्या.

तेव्हा कळलं ते असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नरसिंहरावांनी श्रीरंगपट्टणला जायचा बेत केला होता. पद्मानं हट्टच धरला होता नदीचा. गंगव्वाचं घर कुणीतरी सुचवलेलं, पत्रं जाऊन खोली ठरली होती. सोमवारी निघायचं, शुक्रवारी पोर गेली. येत नाही असं गंगव्वाला कळवायचं काम अक्कांकडे आलं.

"लिहायला बसले," अक्का म्हणाल्या, "पण हातानं ते अक्षर उठेना. मग लिहिलं, पद्माचा पाय मुरगळलाय, पुढल्या वर्षी येऊ. पुढल्या वर्षी तिचंच पत्र आलं, पाय बरा झाला का म्हणून. आता काय सांगणार?"

मग दर उन्हाळ्यात बेत ठरत राहिला. किती जण, कुठली खोली, कुठला घाट. गंगव्वा नदीचं, पायऱ्यांचं, देवळाच्या उत्सवाचं लिही. अक्का पद्माचं लिहीत. तिची उंची वाढली, तिला तिखट सोसत नाही, तिला निळा रंग आवडतो. आणि दर वर्षी शेवटी पाय आड येई.

नीरजानं विचारलं, की मग आता तिथं गेल्यावर काय सांगायचं.

"मलाही कळत नाही," अक्का म्हणाल्या. "पण तू नदीचं नाव काढलंस, आणि मला या खेपेला नाही म्हणवेना."

बेत रद्द करावा असं नीरजाला दोनदा वाटलं. त्रिविक्रम म्हणाला, जाऊ या.

सोमवारी भर दुपारी झटका गंगव्वाच्या दाराशी थांबला. घर जुनं, बुटक्या दाराचं. आत गारवा आणि शेणाचा वास. गंगव्वा दारातच बसली होती, बुबुळं दुधासारखी पांढरी. तिनं अक्कांचा हात हातात घेतला, मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. अक्का ओठ उघडून काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मुलीला एवढ्या उन्हात चालत पुढे का पाठवलंत? पाय ओढत आली बिचारी. पाणी तापवलंय म्हटलं, मागं जाऊन पाय धू."

झटक्याचं घोडं तेवढं मान हलवत होतं. अक्का ओट्यावर बसल्या, आणि अठ्ठावीस वर्षं जे लिहवलं नव्हतं ते त्यांनी कन्नडमध्ये स्पष्ट सांगितलं.

"गंगव्वा, माझी पद्मा नाही. पहिल्याच वर्षी गेली ती. मी तुला खोटं लिहीत आले."

गंगव्वाचा चेहरा रागाचा नव्हता, गोंधळलेला होता. "मग मी आत कुणाला घेतलं?" ती म्हणाली.

त्रिविक्रम मागे पाहून आला. नदीकडच्या दाराला आतून कडी होती. न्हाणीतला दगड ओला होता. पण तो सकाळपासूनच ओला असेल, असं त्यानंच सांगितलं. खालच्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर एक चटई अंथरलेली होती. खोलीत कुणी नव्हतं.

ते चार दिवस राहिले. किल्ला पाहिला, संगमावर गेले, हरी नदीतून निघायला तयार होईना. नीरजा पहिल्या दिवशी पाठ भिंतीला लावूनच बसे. नंतर भीती ओसरली, का ते तिला सांगता आलं नसतं. अक्का खालच्या खोलीत निजत. निळं लुगडं त्यांनी तिथल्या दोरीवर टाकलं आणि परत आणलं नाही.

निघायच्या सकाळी नीरजा बिछाने गुंडाळत होती. ओट्यावर दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. अक्का हलक्या आवाजात विचारत होत्या, की कशी दिसत होती ती.

"चेहरे मला दिसत नाहीत गं," गंगव्वा म्हणाली. "सावली दिसते. पण उंच होती. दारातून येताना वाकली."

अक्कांनी त्या बुटक्या दाराकडे पाहिलं. "उंच होणारच," त्या म्हणाल्या. "यांच्यावर गेली होती."

परतीच्या गाडीत त्यांनी मुलांना पद्माच्या गोष्टी सांगितल्या. ती दूध कसं सांडायची, लहानग्या त्रिविक्रमला कमरेवर घेऊन गल्लीभर कशी हिंडायची. मद्दूर आलं, वडे विकणारे ओरडत गेले, तरी त्या बोलतच होत्या. त्रिविक्रम खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिला.