खांद्याखालची घंटा

माझा नवस साधा होता. यांच्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा मी महादेवापुढं बोलले, "पाय वाचू दे, हे उजव्या हातानं तुला घंटा बांधून वाजवतील." पाय वाचला, पण त्यापायी तोच हात अडकला. त्या हाताचे आता इतके किस्से साठलेत की आमच्या गावात, चौसाळ्यात, कुणी भेटलं की विचारतं, "वहिनी, हाताचं काय नवीन?"

*

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पायाकडं जाणारी रक्तवाहिनी बंद झालेली. म्हणून उजव्या खांद्याखालच्या रक्तवाहिनीला एक नळी शिवायची आणि कातडीखालून जांघेपर्यंत न्यायची. "हात झटक्यात वर गेला की नळी ओढली जाते. सगळा ताण टाक्यांवर येतो. ते सुटले तर माणूस हाती लागत नाही. तीन महिने हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

मी म्हटलं, "साहेब, जुन्या लुगड्याला नवं कडक ठिगळ लावलं की शिवणीशीच फाटतं. म्हणून आमी थोडा झोळ सोडतो."

"मीही सोडणार आहे, मावशी."

यांनी लगेच विचारलं, "म्हंजे दुकानाचं शटर उघडता येईल?"

"झोळ टाक्यांसाठी आहे," डॉक्टर म्हणाले, "शटरसाठी नाही."

*

घरी आल्यावर आठवडाभरात हे घरापुढच्याच दुकानात जाऊन बसले. डाव्या हातानं शटर कमरेइतकंच उचललेलं, गिऱ्हाईक वाकून आत येतंय. शेजारचे दामूअण्णा आत आले ते कंबर धरूनच. "शेठ, साखर घ्यायला आलोय, दर्शनाला न्हाई."

त्याच दिवशी मी यांच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही कुशीला चार-चार टाके घालून शिवून टाकली. हात उचलला की दोरा टर्रकन वाजायचा, तो मला चुलीपाशी ऐकू यायचा.

*

मग ग्रामसभा आली. सरपंच म्हणाले, "ठराव मंजूर असंल त्यांनी हात वर करा." सगळ्यांचे उजवे, यांचा एकट्याचा डावा.

"शेठ, डावा कावून? विरोध हाय का?"

"न्हाई हो. उजवा बायकोनं शिवून टाकलाय."

*

तीन महिने सरले. डॉक्टर म्हणाले, "हात हळूहळू वर न्या. पण झटका आयुष्यभर नको."  देवळातल्या घंटा डोक्यावर, आणि झटका दिल्याशिवाय कुठली घंटा वाजते?

हे म्हणाले, "डाव्या हातानं वाजवतो की."

"देवाला डावा हात? ही काय ग्रामसभा हाय?"

शेवटी मी गुरवकाकांना सगळं सांगितलं. काका वर देवळाच्या मांडवातल्या घंटेच्या कडीकडं बघत राहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी कडीला लांब साखळी अडकवली, ती यांच्या छातीशी आली. यांनी उजव्या हातानं तिच्यात घंटा अडकवली आणि हलकेच वाजवली. मी यांच्या खांद्याकडंच बघत होते. काही झालं नाही.

मागं एक म्हातारी उभी होती, पाठीतून पार वाकलेली. ती पुढं आली. घंटेला हात लावून बघितला. एकदा वाजवली, थांबून परत वाजवली.

"दर सोमवारी येते मी," ती म्हणाली. "आज देवाला कळलं."

तुम्हीही कधी नवसाला घंटा बोललात, तर साखळी तेवढी लांब घ्या.