कोरड्या टेबलावरचा ग्लास

अंबडला आमच्या कारखान्याच्या गेटवर एक वयस्कर वॉचमन होते. नांदगावकडचे. उमेदीची वर्षं नौदलात, किनाऱ्यालगत गस्त घालणाऱ्या एका लहान जहाजावर काढलेली. नाव मी कधी विचारलं नाही; वॉचमनला कोण विचारतं! चहा आला की ते आधी रुमाल ओला करून टेबलावर पसरायचे आणि त्यावरच ग्लास ठेवायचे.

"काका, टेबल पळून चाललंय का?" मी एकदा हसून म्हटलं.

"जहाजावर पळायचं ना. ओल्या फडक्यावर ग्लास घसरत नाय. सवय हाय, जात नाय."

मागच्या महिन्यात पाहिलं, तर ग्लास कोरड्या टेबलावर. मी रुमालाचं विचारलं, तसा त्यांनी मोबाईल पुढे केला. जुन्या सोबत्याने फोटो पाठवला होता. तेच जहाज, भंगारात काढलेलं, मधोमध कापलेलं, आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या.

"ती वरची फळी दिसती का? तिच्यावर मी झोपायचो," ते म्हणाले. "आता कशाला रुमाल?"

चहा निवून गेला. टेबल जागचं हललं नव्हतं, तरी त्यांनी ग्लासवरचा हात काढला नाही.