नानांची डबल बेल

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की डबल बेल वाजली आणि तिच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

अडावदच्या चहाच्या टपरीसमोर आम्ही सायकली धरून उभे होतो. मागून टण् टण् झालं. हेमंतभाऊंनी पॅडल मारलं, शोभाताईंनी मारलं, म्हणून मीही मारलं. मनात काहीतरी टोचलं. पण मला दिवसभर काही ना काही टोचतच असतं, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. नेमकं तेव्हाच द्यायला हवं होतं!

आमच्या ग्रुपचे किस्से असेच साठतात. राईडवरून घरी येऊन चेन पुसताना फडक्याला काळं लागतं ना, तसे. वाटतं, निघालं सगळं. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढंच!

ग्रुप म्हणजे जळगावचे आम्ही चौघं. हेमंतभाऊंचं बियाण्यांचं दुकान आहे आणि गिअरची महागडी सायकल आहे. शोभाताई शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या कॅरिअरला कायम एक पिशवी. नाना रिटायर्ड बस कंडक्टर, काळी घोडा सायकल, पितळी घंटी. आणि चौथी मी, कुत्रं भुंकायच्या आधीच दचकणारी.

* * *

डबल बेलचा नियम जामनेरच्या राईडमुळे आला.

त्या दिवशी हेमंतभाऊ मोबाईलमधला नकाशा बघत सुसाट पुढे गेले. आम्ही तिघं रमतगमत जामनेरच्या बाजारात पोचलो, पोहे खाल्ले, वर चहाही झाला. तेव्हा शोभाताईंना त्यांचा फोन आला.

"कुठे राहिलात सगळे? मी केव्हाचा येऊन बसलोय!"

"आम्हीही बसलोय. तुम्ही कुठे आहात?"

"थांबा, बोर्ड वाचून सांगतो."

बराच वेळ फोनवर नुसताच वारा. मग एकदम हळू आवाजात, "ताई, जामनेर इथून किती लांब आहे हो?"

पुढच्या रविवारी नानांनी फर्मान काढलं. ते सगळ्यात मागे राहणार. एक टण् म्हणजे थांबा, दोन टण् म्हणजे चला. आणि डबल बेलच्या आधी ते मोठ्याने विचारणार, "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का!

आम्ही "हो" म्हणायचो, पण नाना ते ऐकायचेच नाहीत. एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि मगच घंटीला हात लावायचे.

"नाना, हो म्हटलं ना आम्ही!"

"पॅसेंजर हो म्हनसच," नाना म्हणाले. "त्यानं ऐकानं नही. तोंड देखानं."

* * *

आम्ही त्या घंटीचे किती गुलाम झालो, ते कळलं दोंडाईच्याला.

तिथल्या बाजारात शोभाताईंनी वर्षभराच्या तिखटाच्या लाल मिरच्या घेतल्या आणि पिशवी कॅरिअरला बांधली. पिशवीला खाली भोक. शोभाताई पुढे मस्त गाणं गुणगुणत चाललेल्या, आणि मागे आम्ही डोळे चोळत. सगळ्यात मागे नाना.

टण्! आम्ही थांबलो. मागे बघितलं तर नाना हाताने 'चला चला' करतायत. पुन्हा निघालो, पुन्हा टण्! पुन्हा थांबलो.

शेवटी हेमंतभाऊ वैतागले. "नाना, नक्की थांबायचंय की जायचंय?"

नानांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. त्यांना बोलताच येईना. ते जोरात शिंकले आणि शिंकेसरशी अंगठा घंटीवर आपटला. टण्!

मग लागोपाठ दोन शिंका आल्या. टण् टण्!

खोटं नाही सांगत, आम्ही तिघं मुकाट्याने निघालो.

* * *

आता अक्का. अक्का म्हणजे नानांची बायको.

मागच्या वर्षी नानांच्या हृदयात स्टेंट बसवला. नंतर डॉक्टर म्हणाले, हळूहळू सायकल चालवली तर चांगलंच आहे. नाना खूश, अक्का डॉक्टरांवर खवळल्या. पण सायकल हाती यायच्या आधीचे नानाही त्यांनीच बघितले होते. रिटायर झाल्यावर माणूस दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या बसकडे बघून सांगायचा, "आज लेट शे." कुणी विचारलेलं नसताना!

म्हणून अक्कांनी परवानगी दिली, पण मला घरी बोलावून.

"तू भित्री शे, म्हनीसन तुले सांगस. बाकीना धीट शेतस. धीट मानूसले काही दिखत नही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या या गुणाला काम दिलं! काम असं, की प्रत्येक थांब्यावर मी अक्कांना फोन करायचा. नानांनी नाही, मी. नानांवर विश्वास नाही, कारण "त्या कायम बराच ऱ्हातस," म्हणजे कधीही विचारलं तरी ते बरेच. आणि एक फोन जरी चुकला, तरी सायकल भंगारवाल्याकडे.

"अक्का, आम्ही धानोऱ्याला थांबलोय."

"नाना काय करी ऱ्हायनात?"

"बसलेत."

"कसा बसनात?"

"मांडी घालून."

"घाम?"

मी नानांच्या कपाळाकडे बघितलं. नानांनी घाईघाईने रुमाल फिरवला.

"नाही, अक्का."

"पुशी टाका व्हई," अक्का म्हणाल्या. म्हणजे पुसला असेल!

* * *

अडावदची ती डबल बेल वाजली त्याच, म्हणजे चोपड्याच्या राईडचं सांगते. सकाळी निघालो तेव्हा गारवा होता. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना केळीचे मळे लागले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी जरा निवांत झाले तेवढ्यात उजव्या कानाजवळ, "सूऽऽस्स!"

सायकल एकीकडे, मी एकीकडे. "साप! साप!"

मागून लगेच टण्. सगळे थांबले. केळीच्या पानांमधून एक शेतकरी दादा बाहेर आला, त्याच्या हातात ठिबकची फाटकी नळी, तिच्यातून पाण्याची बारीक पिचकारी उडत होती.

"ताई, काही करत नाही ती," तो अगदी समजुतीने म्हणाला. "मी धरलीय."

नाना जवळ आले. नळी बघितली, मला बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बठ्ठा उनात का?" मग नळीकडे वळून, "का तू बी येस?"

* * *

त्या रस्त्यावर गावागावांत एकच प्रश्न. धानोऱ्याच्या पारावर बसलेल्या आजोबांनीही तोच विचारला.

"कथा चालनात?"

"चोपड्याला," हेमंतभाऊ म्हणाले.

"काय काम?"

"काम काही नाही. असंच."

पारावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काम नसताना, उन्हातान्हात, सायकलवर! आजोबांनी आवाज खाली आणला.

"कोनी वारलं का?"

"नाही हो आबा! तब्येतीसाठी."

"अरे अरे! काय होस तुमले?"

मग सायकलींची तपासणी. आमच्याकडे सायकल नुसती बघत नाहीत, हात लावून बघतात. टायर दाबतात, ब्रेक ओढतात, घंटी तर प्रत्येक जण वाजवतोच. एक काका हेमंतभाऊंच्या सायकलीभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांच्या चिंचोळ्या सीटवर बोट ठेवून म्हणाले,

"आनि बाकीनी सीट कथी गयी?"

हेमंतभाऊ ती सीट घेताना काय काय वाचून आले होते, ते सगळं सांगायला लागले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकानदारले पावती दखाडा. दी टाकीन तो."

* * *

तर, अडावद.

चहा झाला. मी अक्कांना फोन केला. नाना बसलेत, घाम नाही, साखर कमी घेतली. मग डबल बेल वाजली आणि आम्ही निघालो.

बराच रस्ता कापला. कापसाची शेतं, लांब निळा सातपुडा, अंगावर छान ऊन. आणि त्या शांततेत मला एकदम उमगलं, मघापासून काय टोचतंय ते.

"हेमंतभाऊ! नानांनी 'बठ्ठा उनात का' विचारलंच नाही!"

"विसरले असतील."

नाना? विसरतील? तिघांनीही एकदम मागे बघितलं. रस्ता सरळसोट, रिकामा. काळी सायकल नाही की पांढरी टोपी नाही.

मी फोन लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलला नाही.

आम्ही उलटे फिरलो. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. प्रत्येक चारीत बघत, प्रत्येक झाडाखाली बघत चाललो. मध्येच समोरून एक लाल बस आली, टपावर गाठोडी, क्रेट आणि काय काय बांधलेलं, आणि असा हॉर्न वाजला की मी डोळे गच्च मिटून सायकलसकट कापसात शिरले. धुरळा खाली बसला तोवर बस चोपड्याच्या दिशेने दिसेनाशी झाली होती.

टपरीसमोर नानांची सायकल नव्हती. जिथे ती उभी होती तिथे बाकावर एक आबा बिडी ओढत बसलेले.

"आबा, काळी सायकलवाले नाना कुठे गेले?"

"त्या? टपरीमांगे तोंड धोवाले गयथात. ईसन देखतस तं तुम्ही कोनीच नही! तुमना मांगे निंघनात."

"पण आम्ही त्याच रस्त्याने आलो! रस्त्यात कुणीच नव्हतं."

आबांनी बिडीनेच चोपड्याची दिशा दाखवली.

शोभाताईंच्या गणिताच्या डोक्यात काहीतरी आलं. "आबा, नाना टपरीमागे होते, तर घंटी कुणी वाजवली?"

"मी," आबा म्हणाले. "चांगली वाजस. म्हनीसन आखो एकदाव वाजाडी."

हेमंतभाऊंनी कपाळाला हात लावला. आबांच्या अंगठ्याने एकदा टण् केलं, आवडलं म्हणून पुन्हा टण् केलं, आणि आम्ही शिकलेसवरलेले तिघं, कंडक्टर नसलेल्या बससारखे निघून गेलो! एकानेही मागे वळून नानांचं तोंड बघितलं नाही. मीही नाही. ज्या कामासाठी मला ठेवलं होतं, तेच नाही.

पुन्हा नानांना फोन. रिंग, रिंग, रिंग.

तेवढ्यात माझाच फोन थरथरला आणि तो हातातून पडता पडता वाचला. स्क्रीनवर 'अक्का'.

"उचलू नका," हेमंतभाऊ म्हणाले.

"उचल आणि सांग, नाना भरीत खातायत," शोभाताई म्हणाल्या.

"कसे खातायत विचारतील! कशाबरोबर विचारतील!" मला जवळजवळ रडायलाच आलं होतं. नानांना काही झालं असेल तर? आणि काही झालं नसलं, तरी आज रात्री सायकल भंगारात आणि नाना पुन्हा ओट्यावर.

अक्कांची रिंग थांबली. आबांनी बिडी विझवली आणि तेही उठून माझ्या फोनकडे बघत उभे राहिले. मी ठरवलं, आता एकदा नानांना शेवटचा लावायचा. नाही उचलला तर सरळ अक्कांना सगळं खरं सांगून टाकायचं.

रिंग गेली. पुन्हा गेली. आणि खट् करून फोन उचलला गेला.

"नाना! नाना, कुठे आहात तुम्ही?"

आधी इंजिनची घरघर आली. मग काचांचा खडखडाट. कुणीतरी बाई म्हणत होती, "भाऊ, जरा सरका ना तिकडे!" कुठेतरी एक बाळ रडत होतं. टपावर काय काय बांधलेली मघाची ती लाल बस! आणि त्या सगळ्यावरून, फोनमध्ये नव्हे, तर भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचावा असा खणखणीत आवाज आला,

"बठ्ठा उनात काऽऽ?"

टण् टण्!