भट्टीताईचे काळे दाणे

टाइल्सचा कारखाना बंद पडला तेव्हा तिला अडतिसावं लागलं होतं. चौदा वर्षं तिने तिथल्या भट्टीवर काढली होती, आणि या वयात आता आपल्याला कोण दारात उभं करणार, या धास्तीने तिची झोप उडाली होती. नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याच्या कानावर आलं की गावाबाहेरच्या इंधन संशोधन केंद्राला भट्टी सांभाळायला माणूस हवाय. मुलाखतीत तिला एकच प्रश्न विचारला: भट्टीचं दार कधी उघडायचं, हे कसं ओळखता? काट्यावरून, ती म्हणाली, आणि काटा खोटं बोलत असेल तर रंगावरून. पुढच्या सोमवारी ती कामावर हजर झाली. पंधरा दिवसांत सगळं केंद्र तिला भट्टीताई म्हणू लागलं.

काम वरवर सोपं होतं. मोहरीएवढे पांढरे, सच्छिद्र दाणे एका गोल भांड्यात घ्यायचे. भांडं फिरवत फिरवत त्यांच्यावर कोबाल्टचं डाळिंबी रंगाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. दाणे जेवढं पितील तेवढंच पाजायचं; चार थेंब जास्त गेले की भांड्याच्या तळाला ओल दिसते आणि सगळी मेहनत पाण्यात. मग ते वाळवायचे, ट्रेमध्ये घालून साडेतीनशे डिग्रीला भाजायचे. आत जाताना गुलाबी असलेले दाणे तांबूस, झोंबरा धूर सोडत आणि बाहेर येताना काळे कुळकुळीत होऊन येत. डबा सीलबंद झाला की शिपाई तो शेजारच्या इमारतीत नेई. तिथे रिॲक्टर होते. दारावर पाटी होती, प्रशिक्षणाशिवाय प्रवेश नाही, आणि भट्टीताईने ती पाटी सहा वर्षं निमूटपणे पाळली.

लेक कधी विचारायची, आई, तू तिथे नेमकं काय करतेस? नवरा मधेच उत्तर द्यायचा, वाळू भाजते. ती ते हसण्यावारी न्यायची. खरं सांगायचं तर याहून बरं उत्तर तिच्यापाशीही नव्हतं. आपल्या दाण्यांना कॅटलिस्ट म्हणतात आणि त्यांच्यामुळे वायूचं तेल होतं, एवढं तिने ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि उमगलेलं यात फरक असतो.

सातव्या वर्षी सासूबाई घरात घसरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. भट्टीताईने महिनाभराची रजा टाकली. तेवढ्या दिवसांपुरतं काय अडतंय, म्हणून दोन तरुण संशोधकांनी सूचनांचा कागद समोर ठेवून दाणे स्वतःच तयार केले. कागदात होतं तसं तंतोतंत.

ती परतली तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरलेली. चाचणीच्या लहान रिॲक्टरमध्ये तीनदा दाणे भरले होते आणि तीनदा डाव फसला होता. वायू एका टोकाने आत जाई आणि बराचसा तसाच दुसऱ्या टोकाने बाहेर पडे. तेल नेहमीच्या पाव हिश्श्यानेही निघत नव्हतं. व्हॉल्व्ह तपासून झाले होते, सिलिंडर बदलून झाले होते, पांढऱ्या दाण्यांच्या नव्या पोत्यावर खापर फोडून झालं होतं. त्याच पोत्यातले दाणे मग भट्टीताईला दिले. आठवड्याभरात रिॲक्टर पूर्वीसारखा चालू लागला.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख मॅडम स्वतः भट्टीच्या खोलीत आल्या. बोलायला मोजक्या, नजरेने कडक अशी त्यांची ख्याती होती. पुढचे दाणे माझ्यासमोर करा, त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

काय दिसणार आहे, हे भट्टीताईला माहीत होतं. कागदावर लिहिलं होतं की ट्रे दोन बोटं भरावा आणि सगळा माल एकाच वेळी भाजावा. पण कामावर रुजू झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिने पाहिलं होतं, जाड थरात तो तांबूस धूर कोंडून राहतो आणि खालचे दाणे वरच्यांसारखे एकसारखे काळे होत नाहीत. कारखान्यात टाइल्स एकावर एक रचल्या की खालच्यांची चकाकी अशीच मरायची. तेव्हापासून ती एका दाण्याएवढा पातळ थर पसरत होती आणि एकाच्या जागी सहा वेळा भट्टी लावत होती. विचारलं कुणालाच नव्हतं. आणि रजिस्टरमध्ये मात्र सहा वर्षं रोज लिहीत आली होती: थर दोन बोटं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी रजिस्टर ओढून पानं चाळली. मग म्हणाल्या, "सहा वेळा भट्टी लावायला वेळ कुठून आणता?"

"जेवणाच्या सुट्टीतही एक ट्रे आत असतो."

"म्हणजे सहा वर्षं तुमची मेहनत आम्ही आमच्या कागदाच्या नावावर खपवत आलो." त्या उठल्या. "पण यापुढे जे कराल तेच लिहायचं. ते खोटं लिहिणं मला आवडलेलं नाही."

तिची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. दोन दिवसांनी मॅडमनी तिला बोलावून सूक्ष्मदर्शकातले दोन फोटो दाखवले. जाड थरातल्या दाण्यावर कोबाल्टचे ओबडधोबड ढीग बसले होते. तिच्या दाण्यावर मात्र बारीक ठिपके, मोजता मोजता आयुष्य सरेल इतके. वायूला टेकायला जागा इथे कितीतरी जास्त, मॅडम म्हणाल्या. भट्टीताई त्या ठिपक्यांकडे बघत राहिली आणि तिने धीर करून विचारलं, शेवटी काय होतं ते मला एकदा बघता येईल का?

हेल्मेट, चष्मा, दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि मग ते दार उघडलं. आत तिचा ताबा ऑपरेटरने घेतला. दिवसभर मीटरवर डोळे लावून बसतो म्हणून त्याला सगळे काटेदादा म्हणत. दुमजली उंचीच्या मोठ्या रिॲक्टरसमोर नेऊन त्याने तिला समजावलं. पलीकडे लाकडाचा भुसा तापवून वायू करतात. त्यातले कामाचे दोनच. एक हायड्रोजन आणि दुसरा तो विषारी, बंद खोलीत कोळसा पेटता राहिला तर झोपलेल्या माणसाला उठू न देणारा.

"तो विषारी वायू माझ्या दाण्यांवरून जातो?"

"जातो कसला, त्यांच्या अंगावर बसतो. तिथे त्याचे तुकडे होतात, हायड्रोजन येऊन मिळतो, एकाला एक धरून साखळी लांबत जाते. आखूड साखळीचा गॅस, मधल्या लांबीचं डिझेल, फार लांबली की मेण."

"आणि दाणा?"

"दाणा जागच्या जागी. एक साखळी सुटून गेली की दुसरीला जागा मोकळी. या रिॲक्टरमध्ये तुमचे दाणे चौदा महिने झाले बसलेत, ताई. थकतात थोडे, पण खर्च होत नाहीत."

त्याने तिला काचेच्या नळीपाशी उभं केलं. नळीत खाली पाणी, वर तेल, आणि वरून एकेक थेंब टपकत होता. पाण्यासारखा नितळ. तिने नकळत हात जोडल्यासारखे छातीशी धरले. वरच्या पाइपात डोळ्यांना न दिसणारा, माणसाचा जीव घेणारा वायू, आणि खाली हे. मधे काय, तर तिने चिमटीत धरून, भांड्यात फिरवून, रंग बघून डब्यात भरलेले दाणे. काटेदादाने तिच्या तळहातावर मेणाचा तुकडा ठेवला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, अजून कोमट. तिने चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसले. काटेदादाने मीटर बघण्याचं निमित्त करून पाठ फिरवली.

मॅडमच्या परवानगीने तिने बाटलीभर डिझेल डेपोत नेलं. नवऱ्याने झाकण उघडून हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तीस वर्षं त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास होता, आणि याला वासच नव्हता. त्याने कोपऱ्यातल्या लहान जनरेटरची टाकी रिकामी करून हे ओतलं. इंजिन दोन आचके देऊन सुरळीत चालू लागलं. धुराड्याच्या तोंडाशी त्याने फडकं धरलं, मिनिटाने उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा धरलं. काजळीचा जेमतेम डाग.

"कशापासून म्हणालीस?" त्याने विचारलं.

तिने पहिल्यापासून सांगितलं, भुशापासून ते ठिपक्यांपर्यंत. एरवी तिचं वाक्य पुरं होऊ न देणारा माणूस हातात फडकं घेऊन ऐकत उभा राहिला. त्याने डेपोतल्या सगळ्या मेकॅनिकांना हाका मारून बोलावलं आणि तिला म्हणाला, "आता यांना सांग."

सूचनांचा कागद नव्याने लिहिला गेला, तिला शेजारी बसवून. पातळ थर भाजता यावा म्हणून रुंद भट्टी आली, तीत हवा खेळती ठेवायला पंखा आला, आणि तिला जेवणाची सुट्टी पुन्हा मिळाली. पुढे नऊ वर्षं ती त्या खोलीत होती. नवे दाणे रिॲक्टरमध्ये भरले की हातातलं काम उरकून ती हेल्मेट घालून पलीकडच्या इमारतीत जाई. मॅडमनी कधी हटकलं नाही, आणि काटेदादाने नळीजवळ तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. पहिला थेंब दिसायला कधी पाच तास लागत, कधी आठ. ती बसून राही.