भिंतीवरून येणारी वाटी

आमच्या गावात एका घरात शिंकलं की पलीकडच्या आळीतून काढा येतो, असं मी लखनौत सगळ्यांना हसत सांगायचे. काढ्याच्या मागून काय काय येतं ते मात्र सांगत नसे. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एकोणीस वर्षांची असताना मी एस.टी. स्टँडवर वर्गातल्या एका मुलाशी दहा मिनिटं बोलले, आणि मी चालत घरी पोचायच्या आत ती बातमी तिखटमीठ लावून आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. बाबांनी माझं कॉलेज वर्षभर बंद केलं. आईनं अडवलं नाही. "लोक काय म्हणतील" एवढंच पुटपुटली, तेही वांगी चिरता चिरता. तो राग माझा अजून गेलेला नाही.

बातमी आणली होती भिंतीपलीकडच्या काकूंनी. आमच्या दोन्ही परसांच्या मध्ये छातीइतकी भिंत होती आणि तिच्यावरून रोज एक वाटी इकडून तिकडे जायची. कधी आमटी, कधी विरजण, कधी नुसती चटणी. त्या वाटीचे नियम ठरलेले. रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. खाली ठेवायची नाही, हातात द्यायची. आणि हाक मारून ओ आली नाही, तर सरळ आत येऊन बघायचं. या वाटीपायी काकूंना आमच्याकडे कोण रुसलंय, कोणाला ताप आहे, माझं कितवं स्थळ फिसकटलं, सगळं ठाऊक असायचं. मी त्या वाटीचा मनापासून राग राग केला.

पुढे बँकेत लागले, लग्न केलं नाही, आणि बदलीसाठी स्वतःहून लखनौ मागून घेतलं. माणसं पुणं मागतात. साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला. विकास नगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. समोरच्या दारातली बाई शाळेत शिकवायची, दुपारच्या शाळेत. जिन्यात भेटली तर नमस्ते करायची आणि आपल्या वाटेनं जायची. लग्न का नाही, जेवायला काय केलंस, रविवारी दहापर्यंत झोपतेस का, कोणी म्हणून विचारलं नाही. सहा वर्षं मी सुखात होते, खोटं कशाला बोलू.

बाबा गेल्यावर आई गावात एकटीच राहायची. एका सकाळी तिला स्वयंपाकघरात भोवळ आली. काकू वाटी घेऊन आल्या, हाक मारली, ओ आली नाही. सत्तरीला टेकलेली ती बाई पदर खोचून भिंत चढली. अर्ध्या तासात आई दवाखान्यात होती. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बायका बसलेल्या, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं एक म्हणाली, "एकुलती एक लेक, ती पण तिकडं लखनौला. म्हातारीनं काय करायचं?"

माझं डोकं फिरलं. आठ दिवसांत आईची पेटी भरली. आज कबूल करते, तिला मी नेलं ते काळजीनं कमी आणि त्या बायकांची तोंडं बंद करायला जास्त. ज्या गावानं तिला वाचवलं त्याच गावातून तिला उचललं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

"परत कधी सोडशील?" आई विचारायची. मी म्हणायचे, दिवाळीपर्यंत राहा. दिवाळी झाली, मग म्हणाले होळीपर्यंत.

पंधरा दिवसांतच आई कटाची आमटी घेऊन समोरच्या दारात उभी. हिंदीचा गंध नाही. "लो. खाओ. गरम है." समोरची बिचारी भली. दुसऱ्या दिवशी वाटी घासून, लख्ख करून, शुक्रिया म्हणून परत दिली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"अगं, रिकामी दिली हिनं."

"इथं तशी पद्धत नाही, आई."

"मग शिकवते की."

आणि शिकवली. साखरेचा डबा घेऊन गेली, वाटीत चिमूट टाकून दाखवली, मान हलवून नाही-हो सांगितलं. समोरची हसून लोटपोट झाली आणि पुढच्या वेळी वाटीत दोन रेवड्या आल्या. मग रोजचंच झालं. आई दिवसा दाराला कडी लावत नसे, गावची खोड. मी कितीदा ओरडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. समोरची शाळेला जाण्याआधी दार ढकलून "आंटी" म्हणत आत यायची, थेट स्वयंपाकघरापर्यंत. दोघी एकमेकींना काय सांगायच्या देव जाणे. आईचा चेहरा मात्र तेवढ्या तासात उजळायचा.

एके दिवशी जिन्यात ती मला म्हणाली, "दीदी, आंटी बता रही थीं, आपकी पढ़ाई एक साल छूट गई थी? बहुत रो रही थीं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यापासून पंधराशे किलोमीटर पळून आले, ते आईनं वीस शब्दांच्या हिंदीत दारात आणून ठेवलं होतं. आई रडली होती, हे मी ऐकलंच नाही. मी गोड आवाजात सांगितलं, लखनौत राहून तेवढं शिकले होते, "माँ की तो आदत है, आप तकल्लुफ़ मत कीजिए. घंटी बजाकर कटोरी दरवाज़े पर रख दिया कीजिए. अंदर आने की ज़रूरत नहीं."

"जी, ठीक है," ती म्हणाली. तिला सगळं कळलं.

त्या दिवसापासून बेल वाजायची आणि वाटी दाराबाहेर फरशीवर असायची, वर झाकण. आई विचारायची, ती आत का येत नाही गं आता? मी सांगायचे, तिला कामं असतात.

माघातली थंडी होती. माझी शाखा शहराबाहेर, बख्शी का तालाबला, म्हणून साडेआठलाच निघाले. जेवणाच्या सुट्टीत फोन केला, आईनं उचलला नाही. तिचा फोन कुठेतरी उशीखाली असायचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तीनला पुन्हा केला. समोरच्या बाईला सांगावं असं वाटलं, पण तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. सहा वर्षांत घेतलाच नव्हता.

साडेसहाला घरी आले तर दाराशी वाटी. झाकण उचललं, गाजराचा हलवा, वरचं तूप थिजून पांढरं झालेलं. दार ढकललं तर उघडलं. दिवसभर ते नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी पडली होती, हात गार. शुद्धीवर होती.

"बेल वाजली गं," ती म्हणाली. "दोनदा. मी हाक मारायला गेले, पण आवाज फुटेना. मग वाटी खाली ठेवल्याचं ऐकू आलं."

समोरची इस्पितळात आली तेव्हा पांढरी पडली होती. "ग्यारह बजे आई थी, दीदी. दो बार घंटी बजाई. फिर आपने ही तो..." आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि निदान साडेसात तास थंड फरशीवर पडून छाती भरली होती. नऊ दिवसांनी ती गेली. होळीला अजून अवकाश होता.

अस्थी कृष्णेत सोडायला मी गावी गेले. घर उघडून बसले आणि काकू आल्या. त्यांनी सगळं विचारलं, त्या विचारणारच. किती वाजता पडली, पाणी मागत होती का, कोणी आधी बघितलं. मी एकेकाचं उत्तर देत गेले. मग त्या म्हणाल्या, "आणि ती समोरची? वाटी घेऊन आली, ओ नाही मिळाली, तर आत नाही आली?"

कुलूप होतं, असं सांगता आलं असतं. कोण लखनौला जाऊन बघणार होतं?

"मीच तिला सांगितलं होतं, आत येऊ नको म्हणून," मी म्हणाले. "वाटी दारात ठेव म्हणून."

काकू उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुकानात गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. या वेळी मला राग आला नाही. मला ते हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून हाक आली. मी ओ दिली नाही, चुलीपाशी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं भिंतीवरून माती घसरल्याचा आवाज आला आणि काकू धापा टाकत दारात उभ्या राहिल्या, पदर खोचलेला, हातात पिठल्याची वाटी.

"तिथं ठेवा," मी म्हणाले.

"खाली ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "हातात घे."